बारीक धार

खोबरेल तेलाची बाटली गोठली की आमच्या घरात थंडी अधिकृतपणे सुरू होते. वर्तमानपत्रं आठवडाभर आधीपासून पारा घसरल्याचं सांगत असतात, शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे तेच ते फोटो छापत असतात. पण माझा भरवसा बाटलीवर. ती उलटी धरावी आणि आतलं तेल जागचं हलू नये. मग कुणीतरी ती गच्चीवर उन्हात नेऊन ठेवतं आणि तिथंच विसरतं. पुंडलिकनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा गच्चीवर सातलाच ऊन यायचं. आता समोर तीन मजले उभे राहिलेत. त्यांना ओलांडून यायला उन्हाला साडेआठ होतात.

यंदा बाटली गोठली त्याच आठवड्यात माझ्या मुलानं, विकासनं, घरातला जुना गॅसचा गिझर काढून विजेचा बसवला. दोन्हींना टाकी नाही. नळ सोडला की वाहता वाहता पाणी तापतं, नळ बंद केला की गिझर गप्प. नवा गिझर पांढरा, चपटा, कॉलेजातल्या तक्रारपेटीएवढा आहे आणि तिच्याइतकाच गंभीर दिसतो. त्याच्या तोंडावर आकडे उमटतात. पहिल्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तर विकास दाराशीच उभा.

"बाबा, पाणी कसं होतं?"

"छान."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत गेला, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभा राहिला.

मला राग आला नाही. आमच्या घरात या प्रश्नाला 'छान' हे उत्तर चालत नाही. त्याला वीसेक वर्षांपूर्वीचा एक हिवाळा कारण आहे.

त्या हिवाळ्याआधी घरात बंब होता. ज्यांनी तो वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं मोठं पिंप, त्याच्या मधून उभं गेलेलं नळकांडं. नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. फुलंब्रीकडच्या आमच्या शेतात कापूस निघाला की पऱ्हाट्यांचे भारे घरी यायचे. कपाशीची ती वाळकी झाडं कडाकडा मोडून नळकांड्यात सोडायची. पऱ्हाटी झटकन पेटते आणि झटकन विझते, त्यामुळे बंबाजवळ सतत कुणीतरी बसून राहावं लागतं. आमच्याकडे हे कुणीतरी म्हणजे माझे वडील, अण्णा. सरकारी कचेरीत उभा जन्म कारकुनी केली, पण त्यांचा खरा अंमल चालायचा तो पहाटे पाच ते सात, घरामागच्या बोळात. बुडाखाली पाट, डोक्याला मफलर, हातात फुंकणी. कचेरीत त्यांना कुणी विचारत नसावं. इथं त्यांच्या परवानगीशिवाय कुणाला स्वच्छ होता यायचं नाही.

बंबाचा कायदा एकच होता. जेवढं काढाल तेवढं ओता. एक बादली कढत पाणी घेतलं की एक बादली गार पाणी वरून बंबात टाकायचं आणि मगच आंघोळीला बसायचं. कारण उघड होतं. खाली विस्तव आणि वर बंब रिकामा असं झालं तर सांध्यांचा डाख वितळतो, तोटी निखळते. पण लहानपणी मला त्यातलं एवढंच कळायचं की आपण ओतलेलं पाणी आपल्याला कधीच मिळत नाही. ते पुढच्याला मिळतं. आपल्या आंघोळीचं पाणी आधीच कुणीतरी ओतून गेलेलं असतं. सगळ्यांत शेवटी आंघोळ करणाऱ्यालाही सुटका नव्हती. तो उद्याच्या पहिल्यासाठी भरून जायचा, आणि उद्याचा पहिला म्हणजे अण्णा. कुणी बादली उचलून तसंच निघालं की बोळातून आवाज यायचा.

"घेऊन चालला का नुसतंच? मागं माणसं हायेत का नाय?"

पुढे शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक मिळालं. त्यात हेच सांगितलं होतं, फक्त बरंच लांबवून.

हिवाळा म्हटलं की मला अजून धुराचा वास येतो. स्वेटरला यायचा, केसांना यायचा, एकदा तर वहीला आला म्हणून गुरुजींनी ती नाकाशी धरून बघितली होती. तो वास मला आवडायचा. माझ्या बायकोला, शैलाला, आवडायचा नाही, कारण भिंती तिला पुसाव्या लागायच्या. वासाबद्दलची हळवी मतं बहुधा न पुसणाऱ्यांची असतात.

अण्णा निवृत्त झाले आणि चार-पाच वर्षांत त्यांना खोकला लागला. आधी थंडीपुरता, मग बारमाही. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "धूर बंद. गार पाणी बंद. छाती जपा, नाहीतर पुढची थंडी दवाखान्यात काढावी लागेल." अण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता फुंकणी घेऊन बोळात बसले. तेव्हा मी ठरवलं की बंब जाणार आणि गिझर येणार. टाकी असलेला घ्यावा तर वीज पहाटे असेलच असं नाही. म्हणून गॅसवर चालणारा, बिनटाकीचा.

वस्तू साधी होती. ती बोळातल्या भिंतीवर टांगायची आणि तिची नळी न्हाणीघरात न्यायची, एवढंच काम. पण माझे मेहुणे नानासाहेब यांना ते कळलं. नानासाहेब एका पतसंस्थेचे अध्यक्ष होते. कुठं फीत दिसली तर अडचण नको म्हणून ते खिशात कात्री बाळगत असावेत, असा माझा संशय आहे. त्यांनी गल्लीतल्या सहा-सात घरांना परस्पर बोलावलं. गिझरवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, झेंडूची माळ लागली. मुनीरभाई नळजोडणी करत होते. त्यांनी शांतपणे ती माळ गॅसच्या नळीपासून दूर सरकवली. त्या सगळ्या समारंभात शहाणपणाची तेवढी एकच कृती झाली.

नानासाहेब बोळात बोलायला उभे राहिले. बोळ तीन फुटांचा, त्यामुळे श्रोते एकामागे एक रांगेत. "या घरात आता कुणाच्या डोळ्यांत धूर जाणार नाही. मुलानं बापासाठी उष्णतेची गंगा दारी आणली," वगैरे. मी खाली बघत होतो, पण खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं. दुसऱ्याच्या गौरवाची थट्टा सगळेच करतात. स्वतःच्या गौरवाच्या वेळी माणूस नम्रपणे खाली बघतो आणि एकही शब्द निसटू देत नाही.

अण्णांच्या हातून नारळ फोडून घेतला. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मुनीरभाई सांगत होते, "देखो, नल पूरा खोलना. बारीक धार पे ये सुलगता नई. सुन रे ना भाईसाब?" मी मान हलवली. मी नानासाहेबांना चहा देत होतो. गिझरबरोबर आलेली माहितीची पुस्तिका मी टेबलावर टाकली. कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. घरी आल्यावर वाचायचा मला कंटाळा यायचा. ती पुस्तिका अण्णांनी उचलली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

तो हिवाळा मला सुखाचा गेला. सात वाजता उठावं, नळ सोडावा, बोळातून टक टक टक आवाज यावा, मग भक्क. गिझरच्या छोट्या काचेत निळी ज्योत उभी राहायची. मिनिटाभरात न्हाणीघर वाफेनं भरायचं. कुणाला काही ओतायला नको, कुणासाठी थांबायला नको. शैला भिंतींना नवा रंग द्यायचं बोलू लागली. बंब गच्चीवर गेला. हर्सूलच्या बाजूनं येणारं वारं रात्रभर त्याच्या नळकांड्यातून घुमायचं. पेरू स्वस्त होते, बोरं आली होती. एका रविवारी आम्ही फुलंब्रीला शेतावर हुरडा खायला गेलो. अण्णा आगटीजवळ बसले, गोवऱ्यांच्या आरात कणसं खोचली, हातावर चोळून दाणे पाखडले आणि पहिली मूठ शेजारच्याला दिली. विस्तवासमोर बसले की त्यांचा चेहरा उजळायचा. मी त्यांना धुरापासून लांब सरकायला सांगितलं. ते सरकले. मी सांगितलेलं ते त्या वर्षी फार ऐकायला लागले होते, आणि त्याचा मला संशय यायला हवा होता.

अण्णा अजूनही पाचला उठत. विस्तव नसल्यामुळे त्यांना काही काम नव्हतं, म्हणून उठल्या उठल्या आंघोळ उरकत आणि ओसरीत शाल गुंडाळून बसून राहत. मी सातला बाहेर आलो की विचारायचो, "अण्णा, पाणी कसं होतं?"

"छान. लई छान."

रोज विचारायचो. रोज तेच उत्तर. कॉलेजात मी सहकाऱ्यांना सांगायचो की वडिलांना गिझर फार मानवला. त्यांनी न विचारताही सांगायचो.

खोकला मात्र हटेना. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, अण्णा शब्दाशब्दाला थांबू लागले. पुन्हा डॉक्टर. त्यांनी विचारलं, "धूर?" मी म्हणालो, "बंद." "गार पाणी?" मी म्हणालो, "छे. गिझर घेतलाय खास." अण्णा समोरच्या कॅलेंडरवरचं चित्र पाहत होते. डॉक्टरांनी औषध बदललं आणि म्हणाले, "याचाही गुण आला नाही तर भरती करून बघावं लागेल."

कॉलेजात तपासणी समिती यायची होती. समिती येणार म्हणजे वर्षानुवर्षं धूळ खाणारी पुस्तकं एका दिवसात वाचल्यासारखी दिसायला हवीत. त्यासाठी मी एका पहाटे पाचला उठलो. बाहेर अंधार आणि तोंडातून वाफ. दात घासत बोळात गेलो. न्हाणीघरात दिवा होता, आत अण्णा आंघोळ करत होते. तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज आला, मग अंगावर पाणी पडल्याचा, मग मध्येच श्वास अडकल्यासारखा एक हुंकार. थंडीत अंगावर गार पाणी घेताना माणूस करतो तसा.

मी गिझरकडे पाहिलं. काच काळी होती. ज्योत नव्हती.

गॅस संपला असेल म्हणून सिलिंडर हलवून पाहिला, भरलेला होता. बटण चालू होतं. मग कान दिला. आत नळ चालू होता, पण त्याचा आवाज नळासारखा नव्हता. धाग्याएवढी धार बादलीच्या कडेनं उतरत होती. इतकी बारीक की गिझरला पाणी सुरू झाल्याचा पत्ताही लागला नव्हता.

ब्रश तोंडात तसाच ठेवून मी उभा राहिलो. मुनीरभाईंचं वाक्य तीन महिन्यांनी मला ऐकू आलं.

अण्णा बाहेर आले. ओठ निळसर, दंडावर काटा. मला पाहून थबकले.

"आज लौकर?"

"अण्णा, पाणी कसं होतं?"

"छान."

मी त्यांचा हात धरला. बर्फ होता. ते ओशाळले, मग शालीत शिरत म्हणाले, "आता कळलं ना? जाऊ दे."

"नळ पूर्ण सोडावा लागतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"पुस्तिकेत दिलंय. सहाव्या पानावर. तू वाचली न्हाई व्हय?"

"मग सोडत का नव्हता?"

"गच्चीवरची टाकी उतरती. मागं तुम्ही तीन माणसं. आन् नळ कवा येईल ते कुणाला ठाऊक."

आमच्या शहरात नळ येणं ही पाहुणा येण्यासारखी गोष्ट आहे. तारीख सांगतो, पाळत नाही. तरीही मी हुशारीनं हिशोब मांडला. "अण्णा, बादली ती बादलीच. धार बारीक असो की मोठी, पाणी तेवढंच लागणार."

"ते मला बी कळतं," ते म्हणाले. "हाताला कळत नाय. पुरा सोडायला जातो, अर्ध्यावर हात थांबतो."

आतून शैला आली होती. ती म्हणाली, "मग सांगायचं ना आम्हाला, अण्णा. किती दिवस हे?"

"पहिल्या दिवसापासून." ते जरा हसले. "एवढा नारळ फोडला. नानासाहेबांनी गंगा आणली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. त्यांना काय सांगू, गंगा गार हाय म्हणून? आन् ह्यानं हौसेनं आणलेलं."

त्या सकाळी तपासणी समितीला मी काय दाखवलं ते आठवत नाही.

निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या साली गावची शाळा कैक महिने बंद पडली, तेव्हा अण्णा आठ-नऊ वर्षांचे होते. शाळा नाही म्हटल्यावर त्यांच्या हाती पोहरा दिला गेला. घरच्या माणसांचं आणि दोन बैलांचं पाणी रोज विहिरीतून ओढायचं. विहीर खोल, उन्हाळ्यात आणखी खोल जाणारी. हे ते कधीमधी सांगायचे, आणि मी ऐकल्यासारखं करायचो. आता वाटतं, ज्या हातानं दोरीचा प्रत्येक हात मोजून पाणी वर आणलं, त्याला तोटी पुरी फिरवणं म्हणजे पोहरा भरून पुन्हा विहिरीत सोडल्यासारखं वाटत असणार. बंबाचं आणि त्या हाताचं जमायचं. बंबापुढे पाणी वाया घालवायची सोयच नव्हती.

मी मुनीरभाईंना बोलावून विचारलं की हा बारीक धारेवर पेटेल असं काही करता येईल का. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं. "मशीन है भाईसाब, उसको जोर से बोले तोच सुनता. अब्बा को बोलो, दिल बडा करो."

"दिल मोठं हाय," अण्णा ओसरीतून म्हणाले, "टाकी लहान हाय."

तोड शैलानं काढली. दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांचा हात उघडत नाही ना? मग तुमचा उघडा."

दुसऱ्या दिवसापासून मी पावणेपाचला उठू लागलो. ज्याला कॉलेजच्या दिवसांपासून सात वाजता हलवून उठवावं लागायचं तो मी. न्हाणीघरात जायचो. आधी येणारं गार पाणी भांड्यांसाठी वेगळ्या बादलीत धरायचो. मग नळ पुरा सोडायचा. टक टक टक, भक्क. बादली भरली की वर ताट झाकून पुन्हा अंथरुणात. अण्णा उठेपर्यंत पाणी अंगाला लावण्याजोगं राहायचं. टाकी नसलेल्या गिझरला आम्ही अशी एक प्लास्टिकची टाकी जोडली, आणि शेजारी एक ग्रंथपाल.

पहिल्या दिवशी ते बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं होतं पाणी?"

"छान."

हा शब्द आता माझ्या कामाचा राहिला नव्हता. मी त्यांचे हात बघितले, ओठ बघितले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. पाणी गरम आहे हे मला ठाऊक होतं. पण त्यांना ते गरम लागतंय की माझी हौस राखायला ते अजूनही तसं बोलताहेत, हे कळायला मार्ग नव्हता. एखाद्याचा शब्द तीन महिने आपण पारखलाच नाही, तर पुढे त्याचा खरा शब्दही खरा वाटेनासा होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सातला मी आंघोळीला जायचो तेव्हा ती बादली पुन्हा भरलेली असायची, गार पाण्यानं, अगदी काठापर्यंत. आपली आंघोळ झाली की अण्णा बारीक धार लावून ती भरत आणि मगच बाहेर येत. बिनटाकीच्या गिझरला ओतायला तोंड नव्हतं, म्हणून त्यांनी बादलीत ओतलं होतं. कायदा त्यांनी मोडला नव्हता. मोडला असेल तर आम्हीच, भक्क करून.

आठवड्यानं, मी ओसरीत चहा घेत असताना, ते न्हाणीघरातून बाहेर आले. अंग लालसर, टकलावरून वाफ निघत होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाले,

"जरा बेतानं तापवत जा. पाठ भाजली माझी. आन् बादली एवढी गच्च कशाला भरतो? उचलताना सांडती."

मी "बरं" म्हणालो आणि कप तोंडाला लावून राहिलो. त्या सबंध हिवाळ्यात मला मिळालेली ती एकच खरी पावती. नानासाहेबांच्या भाषणाचा त्यानंतर मला कधी मोह झाला नाही.

माघात उन्हं तापली, तेल पातळ झालं, अण्णांचा खोकला पुष्कळ उतरला. भरती करावं लागलं नाही. पुढे ते बरीच वर्षं होते, आणि दर हिवाळ्यात मी पावणेपाचला उठलो आणि दर हिवाळ्यात त्यांनी पाण्याची तक्रार केली. कधी कढत, कधी कोमट, कधी बादलीला साबणाचा वास. विकास तेव्हा शाळेत होता. उबदार अंथरुणात पडल्या पडल्या तो हे ऐकायचा. अण्णा गेले ते वर्ष, त्या बादल्या, याबद्दल आता घरात कुणी बोलत नाही. बंब खाली आला, त्याला पॉलिश झालं, दिवाणखान्यात वाळक्या फुलांसह उभा आहे. पाहुणे त्याला टिचक्या मारतात आणि अँटिक म्हणतात.

तर यंदा विकास पाण्याखाली हात धरून उभा होता. मग टॉवेलला हात पुसत बाहेर आला.

"गरम तर येतंय. पुरा सोडला की लगेच येतंय." मग त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही धार किती सोडली होती?"

मी गोठलेल्या तेलाची बाटली उचलली आणि गच्चीकडे निघालो. नळ येऊन आठवडा होत आला होता, टाकी तळाला होती, विकास, सून, नात सगळ्यांच्या आंघोळी मागे होत्या. आणि आंघोळीला बसलो तेव्हा खरोखर तोटी मी पुरी फिरवायलाच गेलो होतो. अर्ध्यावर हात थांबला.

दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात गेलो तर बादली भरलेली होती. वर ताट. ताटाला आतून पाण्याचे थेंब आले होते. विकासच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण आत कूस बदलल्याचा आवाज आला. तो जागा होता.

आंघोळ झाली. बादली मी गार पाण्यानं पुन्हा भरली. भरायला बराच वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा तो केस विस्कटलेले, डोळे चोळत, चहाचा कप घेऊन बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. नुसतं पाहिलं.

"जरा बेतानं तापवत जा," मी म्हणालो. "पाठ भाजली माझी."